ऑनलाइन कन्सोल खेळांसाठी घरचा राउटर : काय बदलावे, काय बदलू नये

प्लॅन २०० मेगाबिटचा असतो, तरीही घरातल्या प्लेस्टेशनवरचा सामना ऐन रंगात असताना थबकतो, पलीकडच्या मित्राचा आवाज तुटतो, आणि पडद्यावर संपर्क तुटल्याची पाटी येते. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो : आणखी वेगवान प्लॅन. दरमहाचे बिल वाढते, तक्रार मात्र तशीच राहते. ऑनलाइन खेळाला वेग फार थोडा लागतो. त्याला लागते ती तत्परता, सातत्य आणि ये-जा करण्याची मोकळी वाट. यांपैकी बराचसा भाग घरच्या राउटरवर अवलंबून असतो व तो बहुधा विनाखर्च सुधारता येतो. उरलेला भाग सेवा पुरवठादाराच्या हाती असतो. तेथे राउटरशी कितीही झटापट केली तरी फळ मिळत नाही. ही सीमारेषा आधी ओळखली, तर पैसेही वाचतात आणि खेळापायी घराची दारे नकळत सताड उघडी राहण्याचा धोकाही टळतो.

वेग आणि विलंब

सामना चालू असताना कन्सोल आणि सर्व्हर यांच्यामध्ये जाणारी माहिती अगदी अल्प असते : खेळाडू कोठे आहे, कोणते बटण दाबले, नेम कोठे आहे, इतकीच. बहुतेक खेळांना त्यासाठी सेकंदाला १ मेगाबिटही लागत नाही. मोठा वेग उपयोगी पडतो तो खेळ डाउनलोड करताना. सामन्याचा अनुभव ठरतो तो तीन आकड्यांवर. पहिला विलंब, म्हणजे माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. यालाच खेळाडू पिंग म्हणतात. दुसरा जिटर, म्हणजे त्या विलंबातील चढउतार. तिसरा पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत गहाळ होणारी माहिती.

सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. पिंग ३० वरून १३० मिलिसेकंदांवर गेला, तर खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या सहा चित्रे मागे पडतो. तरीही स्थिर ६० मिलिसेकंद हे २० आणि १५० यांमध्ये हिंदकळणाऱ्या आकड्यापेक्षा बरे. स्थिर विलंबाची हाताला सवय होते, हिंदकळणाऱ्याची होत नाही.

विलंबाची एक किमान मर्यादा भूगोल ठरवतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पणजी ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन येऊन किमान ४ मिलिसेकंद. सिंगापूर साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे किमान ३५ मिलिसेकंद. युरोपातील सर्व्हरसाठी हाच हिशेब ६५ च्या पुढे जातो. केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेतील यंत्रेही थोडा वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्ष आकडे याहून बरेच मोठे असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक मंदावली होती. अशा प्रसंगी घरच्या राउटरला दोष देण्यात अर्थ नसतो. खेळाच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडण्याची सोय असेल, तर सर्वांत जवळचा प्रदेश निवडणे हे पहिले आणि फुकटचे काम.

आधी मोजमाप

काहीही बदलण्यापूर्वी दोष घरात आहे की घराबाहेर, हे ठरवावे. संगणकावरून राउटरच्याच पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, पिंग करावा. केबलने जोडलेल्या संगणकाला उत्तर साधारणतः १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवे. वायफायवरून तोच आकडा मधूनच ५०, १०० असा उसळत असेल, तर दोष घरातल्या हवेत आहे. प्लॅन बदलून तो जाणार नाही. राउटरपर्यंत सर्व ठीक आणि बाहेरचा आकडा वाईट असेल, तर पुढचे कारण शोधावे. ही मोजणी दुपारी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास एकदा करावी. केवळ रात्रीच बिघाड दिसत असेल आणि त्या वेळी घरात दुसरे कोणी नेट वापरत नसेल, तर पुरवठादाराच्या वाहिनीवर गर्दी होत आहे असे समजावे.

केबल आणि वायफाय

सर्वांत परिणामकारक सुधारणा सर्वांत साधी आहे : राउटरपासून कन्सोलपर्यंत केबल. कॅट ५ई दर्जाची केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग नेऊ शकते. महागड्या ‘गेमिंग’ केबलची गरज नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांना केबलचे पोर्ट आहे. निन्टेन्डो स्विचच्या ओलेड आवृत्तीच्या डॉकला ते आहे. मूळ स्विचसाठी यूएसबीला लावायचे अडॅप्टर घ्यावे लागते.

केबल टाकणे शक्य नसेल, तर कन्सोल ५ गीगाहर्ट्झच्या वायफायवर जोडावा. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत : १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांची गर्दीही तेथेच असते. मात्र ५ गीगाहर्ट्झच्या लहरी भिंतींमधून कमी जातात. गोव्यातील जुन्या घरांच्या जाड चिरेबंदी भिंतींत ही मर्यादा विशेष जाणवते. पुढच्या खोलीतील राउटरची लहर माजघर ओलांडून मागच्या खोलीत पोहोचेपर्यंत क्षीण होते. अशा घरात राउटर मध्यभागी, उंचावर आणि कपाटाबाहेर ठेवावा. स्वस्तातला रिपीटर लहर उचलून पुन्हा हवेतच सोडतो, त्यामुळे वेग घटतो आणि विलंब वाढतो. मागच्या खोलीपर्यंत एक केबल नेऊन तेथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे हा अधिक टिकाऊ उपाय होय.

नॅट म्हणजे काय

वेग आणि विलंब दोन्ही समाधानकारक असूनही मित्राच्या गटात सामील होता येत नसेल किंवा आवाज पोहोचत नसेल, तर नॅटकडे पाहावे. इंटरनेटचे जुने, चौथ्या आवृत्तीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत. घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देण्याइतके ते पुरत नाहीत. म्हणून राउटर आत खासगी पत्ते वाटतो आणि बाहेर सर्वांच्या वतीने एकच पत्ता दाखवतो. या भाषांतराला नॅट म्हणतात. वाड्याच्या देवडीवर बसलेल्या कारकुनासारखे त्याचे काम चालते : आतून कोणी पत्र पाठवले तर तो नोंद ठेवतो आणि उत्तर आले की त्या माणसाकडे पोहोचवतो. बाहेरून अनोळखी पत्र आले, तर ते कोणासाठी आहे हे त्याला ठाऊक नसते. तो ते परत लावतो.

खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालत असेल, तर पहिले पत्र कन्सोलच पाठवतो आणि अडचण येत नाही. परंतु मारिओ कार्ट ८ डिलक्स, स्प्लॅटून किंवा जीटीए ऑनलाइन यांसारख्या खेळांत कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात. तेथे बाहेरून येणारे पत्र आत पोहोचणे आवश्यक असते.

एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, नेटवर्क सेटिंग्ज या क्रमाने गेल्यास नॅटचा प्रकार तपासता येतो : ओपन, मॉडरेट किंवा स्ट्रिक्ट. ओपन सर्वांशी जुळतो, मॉडरेट हा ओपन आणि मॉडरेटशी, तर स्ट्रिक्ट केवळ ओपनशी. प्लेस्टेशन ५ वर नेटवर्क विभागातील इंटरनेट जोडणीच्या चाचणीत १, २ किंवा ३ असा प्रकार दिसतो. १ म्हणजे राउटरविना थेट जोडणी, २ म्हणजे राउटरमागची निरोगी जोडणी, ३ म्हणजे अडवलेली जोडणी. घरोघरी २ हाच योग्य आकडा होय. १ मिळवण्याच्या हट्टापायी कन्सोल उघड्यावर आणण्याचे कारण नाही. स्विचवर ए किंवा बी दिसल्यास पुरेसे. सी आणि डी असल्यास अडचणी संभवतात.

दार उघडण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग यूपीएनपी. या सोयीमुळे कन्सोल स्वतःच राउटरला विनंती करतो आणि राउटर हवे ते पोर्ट तेवढ्यापुरते उघडतो. राउटरच्या पानावर हे एकच बटण चालू करून आधी राउटर व नंतर कन्सोल पूर्ण बंद करून सुरू केला, की बहुतेक घरांतील प्रश्न येथेच संपतो. यातील उणीव अशी, की राउटर विनंती करणाऱ्याकडे पासवर्ड मागत नाही. कन्सोलला जी मुभा, तीच घरातल्या स्वस्त कॅमेऱ्याला आणि दूषित झालेल्या संगणकालाही मिळते. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आठ कोटींहून अधिक पत्त्यांवरील उपकरणे थेट इंटरनेटवरून आलेल्या यूपीएनपी विचारणेला उत्तर देताना आढळली होती. वास्तविक ती सोय केवळ घराच्या आत चालायला हवी. म्हणून यूपीएनपी चालू ठेवायचे असेल, तर राउटर अद्ययावत असावा आणि त्याच्या पानावरील यूपीएनपीची यादी अधूनमधून पाहावी. त्या यादीत कन्सोलखेरीज अनोळखी नाव दिसले, तर चौकशी करावी.

दुसरा मार्ग पोर्ट फॉरवर्डिंग. येथे अमुक पोर्टावर येणारी माहिती अमुक उपकरणाकडे द्यावी, असा कायमचा नियम हाताने लिहायचा असतो. त्याआधी कन्सोलला घरात एकच कायम पत्ता हवा, अन्यथा काही दिवसांनी पत्ता बदलतो आणि नियम भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवतो. राउटरच्या डीएचसीपी विभागात कन्सोलचा मॅक पत्ता लिहून तो राखून ठेवावा. पुढील पोर्ट नोंदवावेत :

• एक्सबॉक्स : ३०७४, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. यूडीपीसाठी ८८, ५००, ३५४४ आणि ४५०० हेही कंपनीच्या यादीत आहेत.
• प्लेस्टेशन : टीसीपी ३४७८, ३४७९, ३४८०, यूडीपी ३४७८, ३४७९.
• निन्टेन्डो स्विच : कंपनी ठरावीक पोर्ट न सांगता यूडीपीचा फार मोठा पट्टा खुला करण्यास सांगते. म्हणून स्विचसाठी आधी यूपीएनपी आजमावावे व पट्टा उघडणे हा शेवटचा उपाय समजावा.

कंपन्यांच्या याद्यांत ८० आणि ४४३ यांसारखे पोर्टही दिसतात. ते कन्सोल स्वतः बाहेर जाताना वापरतो. बाहेरून आत येण्यासाठी ते उघडण्याची गरज नसते.

तिसरा मार्ग डीएमझेड. यात बाहेरून येणारी सर्व अनोळखी माहिती एकाच उपकरणाकडे लोटली जाते. तपासणीपुरते हे उपयोगी आहे : डीएमझेडमध्ये ठेवूनही नॅट प्रकार सुधारला नाही, तर अडथळा त्या राउटरच्या पलीकडे आहे असा निष्कर्ष निघतो. तपासणी झाल्यावर ते बंद करावे. चुकीने तो पत्ता पुढे संगणकाला मिळाला, तर संपूर्ण संगणक उघड्यावर येतो.

एकाच घरात दोन कन्सोल असतील, तर एकच पोर्ट दोघांकडे वळवता येत नाही. तेथे यूपीएनपी अधिक सोयीचे ठरते. एक्सबॉक्सच्या प्रगत नेटवर्क सेटिंगमध्ये पर्यायी पोर्ट निवडण्याची सोयही आहे.

दोन राउटर एकापाठोपाठ

फायबर जोडणीबरोबर पुरवठादार जो बॉक्स बसवतो, तो पुष्कळदा स्वतःच राउटर असतो. त्यामागे आपला दुसरा राउटर लावला, की देवडीवर दोन कारकून बसतात. मागच्याने दार उघडले तरी पुढच्याने ते बंदच ठेवलेले असते. एक्सबॉक्स याची स्पष्ट सूचना देतो. उपाय दोन आहेत. पुरवठादाराकडून पुढचा बॉक्स ब्रिज मोडमध्ये लावून घ्यावा, म्हणजे सर्व कारभार आपल्या राउटरकडे येतो. अथवा आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावावा, म्हणजे तो केवळ वायफाय पसरवतो. फोनची सेवाही त्याच बॉक्समधून असेल, तर ब्रिज करण्याआधी ती चालू राहील याची खात्री करून घ्यावी.

पुरवठादाराचे नॅट

दुसरा राउटर घरात नसून पुरवठादाराच्या केंद्रात असेल, तर प्रश्न वेगळा होतो. चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून अनेक पुरवठादार शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. या व्यवस्थेस सीजीनॅट म्हणतात. तिच्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा स्वतंत्र राखून ठेवण्यात आला.

याची परीक्षा दोन मिनिटांत होते. राउटरच्या पानावर वॅन या शीर्षकाखाली दिसणारा पत्ता टिपून घ्यावा. मग आपला सार्वजनिक पत्ता दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडून दोन्ही ताडून पाहावेत. ते सारखे असतील, तर घरचे उपाय लागू पडतील. राउटरवरचा पत्ता वरील पट्ट्यातला असेल, तर सीजीनॅट आहे. तो १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे घरात दुसरा राउटर आहे किंवा पुरवठादार खासगी पत्ता देत आहे.

सीजीनॅट असताना पोर्ट फॉरवर्डिंग, यूपीएनपी, डीएमझेड यांपैकी काहीही बाहेरून येणारी वाट मोकळी करू शकत नाही, आणि नवा महागडा राउटरही नाही. पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागणे हाच सरळ मार्ग. काही जण मागितल्यावर बदलता सार्वजनिक पत्ता देतात, काही जण शुल्क घेऊन स्थिर पत्ता देतात. प्लॅनचा वेग वाढवण्यापेक्षा हा खर्च अनेकदा अधिक सार्थकी लागतो. सहाव्या आवृत्तीचे पत्ते उपलब्ध असतील, तर ते राउटरवर सुरू करावेत. त्यात अशा भाषांतराची गरज नसते आणि एक्सबॉक्स ते वापरू शकतो. आपण खेळतो ते सर्व खेळ कंपनीच्या सर्व्हरवरच चालत असतील, तर मात्र मॉडरेट किंवा प्रकार ३ दिसूनही खेळात काही बिघडत नाही. तेथे खर्च करू नये.

रांगेची समस्या

घरातला एखादा फोन रात्री छायाचित्रे क्लाउडवर चढवू लागतो आणि त्याच क्षणी सामना अडखळतो, हा अनेक घरांतला अनुभव आहे. अपलोडची वाट भरली की राउटर माहिती रांगेत उभी करतो. रांगेत १ मेगाबाइट माहिती साचली आणि अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असला, तर ती रिकामी व्हायला ८०० मिलिसेकंद लागतात. खेळाची चिमुकली माहितीही त्याच रांगेच्या शेवटी उभी राहते. याला बफरब्लोट म्हणतात.

राउटरमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक या नावांची सोय असेल, तर ती सुरू करून वेगमर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी. रांग मग राउटरच्या ताब्यात राहते आणि लहान माहितीला वाट मिळते. थोडा वेग सोडून स्थैर्य मिळवण्याचा हा सौदा आहे. साध्या राउटरचा प्रोसेसर या कामाला अपुरा पडून एकूण वेगच घटू शकतो, म्हणून आधी आणि नंतर मोजून पाहावे. ही सोय नसेल, तर फोनचा बॅकअप आणि खेळांचे अपडेट पहाटेच्या वेळेवर टाकणे हाही चांगला उपाय आहे.

निरुपयोगी उपाय

डीएनएस बदलल्याने पिंग कमी होतो, हा समज फार रुजलेला आहे. डीएनएस केवळ नावावरून पत्ता शोधून देतो. सामना सुरू झाल्यावर त्याचा संबंध उरत नाही. एमटीयूचा आकडा विनाकारण बदलू नये. पिंग घटवण्याचे आश्वासन देणाऱ्या सशुल्क सेवा पुरवठादाराचा मार्ग वाकडा असेल तेव्हाच क्वचित उपयोगी पडतात. एरवी त्या वाटेत आणखी एक थांबा वाढवतात.

सुरक्षेची किमान तयारी

२०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि राउटर काबीज केले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड कोणी न बदलल्यामुळे. म्हणून पोर्टांना हात लावण्यापूर्वी राउटरच्या पानाचा पासवर्ड बदलावा आणि तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवावा. फर्मवेअर अद्ययावत करावे. बाहेरून राउटर हाताळण्याची सोय आणि डब्ल्यूपीएस बंद ठेवावे. राउटरवरील फायरवॉल खेळासाठी बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. कन्सोल विकला किंवा बदलला, की त्याच्या नावाचे पोर्टाचे नियम पुसून टाकावेत.

पावसाळ्यात वीज क्षणभर गेली तरी राउटर आणि फायबरचा बॉक्स पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे घेतात व सामना हातचा जातो. या दोन उपकरणांपुरता मिळणारा लहान यूपीएस ही अडचण दूर करतो. विजांचा कडकडाट असताना मात्र प्लग काढून ठेवणे हेच शहाणपणाचे.

कोणत्या क्रमाने जावे

प्रथम केबल जोडून मोजावे. मग वॅनचा पत्ता आणि सार्वजनिक पत्ता ताडून पाहावा. दोन्ही सारखे असल्यास राउटरचा पासवर्ड बदलून यूपीएनपी सुरू करावे व कन्सोलवर नॅट तपासावे. तेवढ्याने न भागल्यास कायम पत्ता देऊन पोर्ट नोंदवावेत. घरात इतर लोक नेट वापरत असतानाच बिघाड होत असेल, तर रांगेचा उपाय करावा. पत्ते वेगळे निघाले आणि घरात दुसरा राउटर नसेल, तर राउटरची सेटिंग तशीच सोडून पुरवठादाराला फोन लावावा. त्याला ‘नेट हळू चालते’ असे न सांगता ‘जोडणी सीजीनॅटमागे आहे, सार्वजनिक पत्ता हवा’ असे सांगावे. तक्रार इतकी नेमकी असली, की ती योग्य माणसापर्यंत लवकर पोहोचते.